एक जूनला जन्मलेल्या बायका

संस्थेचं काम संपून दोन वर्षं झाली होती, आणि मी भोळेपणानं समजत होते की ते खरंच संपलंय. ऑफिसची खोली घरमालकाला परत केली होती, खुर्च्या एका शाळेला दिल्या होत्या, बोर्ड उतरवून माळ्यावर टाकला होता. मी हिंगोलीत घरी बसून दहावीच्या मुलींच्या शिकवण्या घेत होते आणि कोणी 'म्याडम, फॉर्म भरायचाय' म्हणत दारात येत नाही, याचं सुख भोगत होते. तेवढ्यात परदेशातून फोन आला.

ज्या परदेशी संस्थेच्या मदतीवर आमचं सेनगाव तालुक्यातलं शेळीपालनाचं काम चालायचं, तिथल्या एक बाई बोलत होत्या. त्यांच्याकडं नवा नियम झाला होता. काम संपलं की त्या कामातल्या माणसांची नावं, फोटो, फोन नंबर, जन्मतारखा इंटरनेटवर पडून राहता कामा नयेत. कुठं काय राहिलंय ते शोधायचं, ज्याची लेखी संमती मिळेल ते जपून दुसरीकडं हलवायचं, बाकी पुसून टाकायचं. काम तीन महिन्यांचं. "हे तुम्हीच करू शकाल," त्या म्हणाल्या. त्यात कौतुक वगैरे काही नव्हतं. तो पसारा मीच घातला होता, म्हणून आवरायलाही मीच.

बसले शोधायला. वेबसाइट, फेसबुकचं पान, यूट्यूबवरचे व्हिडिओ, एका फोल्डरमधले मोजता येणार नाहीत इतके फोटो, नकाशावर प्रत्येकीच्या घराचे टोचलेले लाल ठिपके. 'शेळीला झाडपाला कसा घालावा' हा नऊ मिनिटांचा व्हिडिओ साऱ्या जगानं मिळून तेहतीस वेळा पाहिला होता, आणि त्यातल्या पंचवीस वेळा मीच पाहिला असणार. एक काळी शेळी तीन वेगवेगळ्या बायकांच्या दारात, तिघींची म्हणून उभी होती. फोटोसाठी तेवढी एकच गप उभी राहायची, म्हणून मी तिला दोरी धरून दारोदार फिरवली होती. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता पडद्यावर तिघींचे फोटो शेजारीशेजारी बघताना कानशिलं तापली.

संमतीसाठी पुन्हा गावोगाव हिंडले. मला वाटलं होतं, लोक म्हणतील काढून टाका. तसं फार थोड्यांनी म्हटलं. पुसेगावच्या एका म्हाताऱ्या बाबांना मी पाऊण तास समजावलं, की तुमचा फोटो कुठल्या कुठं बसलेली माणसं बघू शकतात, तो काढता येतो, तो तुमचा हक्क आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काहून काढता? राहू द्या की. पण तवाच सांगितलं असतं तर दाढी तरी करून बसलो असतो." मी संमतीच्या रकान्यात 'होय' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

दर बुधवारी दुपारी बाईंचा व्हिडिओ कॉल असायचा. त्यांच्याकडं तेव्हा सकाळ, हातात कॉफीचा मोठा कप, अंगात जाड स्वेटर. इकडं माझ्या डोक्यावर पंखा घरघरत असायचा. त्या बोलायला सौम्य होत्या, माझं मोडकंतोडकं इंग्रजी मान हलवत ऐकून घ्यायच्या. एका बुधवारी त्या म्हणाल्या, पुसेगावच्या पुढच्या एका गावात बायका फार कमी दिसतायत. यादीत बावीस होत्या, आता नऊच आहेत. बाकीच्या कुठं गेल्या?

गेल्या कुठंच नव्हत्या. त्यांच्याकडच्या एका प्रोग्रॅमनं यादी साफ करताना दुबार वाटलेल्या नोंदी एकात एक मिसळून टाकल्या होत्या. गाव एक, आडनाव एक, फोन नंबर एक, जन्मतारीख एक, म्हणजे माणूस एक. नाव वेगळं दिसलं तर ती टायपिंगची चूक, असा त्याचा न्याय. त्या न्यायानं आमच्याकडं अकरा शेळ्या आणि चार नवरे असलेली एक बाई तयार झाली होती.

मग मला सगळं सांगावं लागलं. आमच्याकडं ज्याची जन्मतारीख कुठं लिहिलेली नसते त्याला शाळेत घालताना गुरुजी एक जून लावून टाकतात. माझीही एक जूनच आहे. माझी आई म्हणायची मी संक्रांतीच्या आसपासची. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत त्यांना एक जून मी लावला. समाजमंदिराच्या ओट्यावर बसून नोंदणी चाललेली, अॅप तारखेशिवाय पुढं सरकायचं नाही, मागं रांग लागलेली. फोन नंबरचंही तेच. तेव्हा त्या गावात बायकांच्या हातात फोन नव्हते आणि अॅप दहा आकडे मागायचं. मी माझेच दहा आकडे टाकले, प्रत्येकीला. त्यामुळं अजूनही एक जूनला माझ्या फोनवर त्या अॅपकडून शुभेच्छांचा पाऊस पडतो, वेगवेगळ्या नावांनी.

बाई खळखळून हसल्या. मग विचारलं, "आणि जन्माचं वर्ष?"

"अंदाजानं," मी म्हटलं.

यावर मात्र त्या हसल्या नाहीत.

पुढचे तीन आठवडे मी एकीतून दुसरी अशा बायका सुट्या करत होते. एकेकीला गाठून विचारायची, खरा जन्म कधीचा. एक म्हणाली ज्वारीच्या काढणीतला, दुसरी म्हणाली थोरल्या भावाच्या पाठीवर दोन वर्षांनी, तिसरी म्हणाली, "तुमीच लिवला व्हता की, आता मला काय विचारता?" शेवटी नवऱ्याच्या नावांवरून आणि घराच्या ठिपक्यांवरून बहुतेक जणी सुटल्या. मला त्या कामात गोडी लागली होती. आपल्या हातच्या चुका आपणच निस्तरताना एक वेगळं समाधान असतं, ते मी उगाच नाकारणार नाही. राहिल्या फक्त दोघी.

या दोघी एकमेकींच्या जावा. सख्ख्या भावांच्या बायका, एकच आडनाव, नवऱ्याच्या रकान्यात दोघींपुढं सासऱ्याचंच नाव, एकच अंगण, आणि घराला ठिपकाही एकच, कारण तेव्हा घर एकच होतं. धाकटी दहावीपर्यंत शिकलेली, थोरली सहीपुरती. तो गुंता मी पुढं ढकलत होते, पण धाकटीचाच फोन आला.

"जयभीम ताई. ताई, माझ्या सर्टिफिकेटवर आमच्या अक्काचं नाव निघून राहिलं."

सेनगावला तालुक्याच्या ऑफिसात पशुसखीची निवड चालू होती. पशुसखी म्हणजे गावातल्या शेळ्यामेंढ्यांना लस टोचणारी, जंताचं औषध पाजणारी, गावातलीच बाई. धाकटीनं अर्ज केला होता आणि यादीत तिचं नाव पहिलं होतं. कामाचं शिक्षण घेतल्याचा पुरावा म्हणून तिनं आमच्या संस्थेच्या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट जोडलं होतं. ऑफिसातल्या माणसानं त्यावरचा क्यूआर कोड मोबाइलनं तपासला, तर पडद्यावर थोरलीचं नाव; प्रोग्रॅमनं दोघींची एक करताना तिचंच ठेवलं होतं. तो माणूस चांगला होता. त्यानं दोन आठवड्यांची मुदत दिली. तोवर दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर यादीतली दुसरी बाई.

तिला हे काम किती हवं होतं, हे मला माहीत होतं. गेली कित्येक वर्षं ती गावातल्या आजारी शेळ्या बघत होती. कोणाचीही शेळी फुगली की तिला हाक यायची, ती हातातलं टाकून जायची, आणि शेळी उठली की लोक म्हणायचे, आता डॉक्टरला दाखवून घेतो. "मला बोलावतात ताई," ती एकदा म्हणाली होती, "पण विचारत न्हाईत." तिला पशुसखीची ती लशीची बर्फाची पेटी, ती पिशवी आणि तिच्यावर लिहिलेलं स्वतःचं नाव पाहिजे होतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. मलाही माझ्या पहिल्या ओळखपत्राचं इतकं अप्रूप होतं की ते मी घरातही गळ्यात घालून बसायचे.

मी बाईंना लिहिलं, या दोघी वेगळ्या आहेत, सर्टिफिकेट धाकटीचं आहे, कृपया सुटं करा. अर्ध्या दिवसाचं काम वाटलं होतं. बुधवारी बाईंनी पडद्यावर दहा फोटो लावले. प्रशिक्षणाची रोजची हजेरी आम्ही फोटो काढून अॅपवर चढवायचो, तारीख-वार-ठिकाणासकट. हजेरीत दहाही फोटो धाकटीच्या नावावर होते. पाच फोटोंत धाकटी होती. पाचांत थोरली.

"यांतली प्रशिक्षण घेतलेली कोण?" बाईंनी विचारलं.

मी ते विसरले नव्हते. विसरल्यासारखं केलं होतं.

ते दिवस कापूस वेचणीचे. त्यांची सासू अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, तिला एकटं सोडता यायचं नाही. प्रशिक्षण पुसेगावला, सकाळी दहा ते पाच. पहिल्या दिवशी धाकटी आली. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवर थोरली बसलेली. मी विचारलं तर म्हणाली, "ती आज म्हातारीजवळ हाये. उद्या ती यील, मी घरी राहीन. सांजच्याला तिला समदं सांगते." मला वीस बायका भरायच्या होत्या आणि मोजून वीसच जमल्या होत्या. मी धाकटीच्या नावापुढं खूण केली. तिसऱ्या दिवशी धाकटी आली तेव्हा मी मुद्दाम तिला आदल्या दिवशीचंच विचारलं. तिला सगळं येत होतं, अगदी डॉक्टरांनी मधेच केलेल्या विनोदासकट. सुई धरायचा सराव आम्ही मोसंबीवर करायचो. थोरलीनं जाताना एक मोसंबी मागून नेली होती, जावेला शिकवायला. नवव्या दिवशी परीक्षा झाली, त्या दिवशी यायची पाळी धाकटीची होती आणि ती पहिली आली. सर्टिफिकेटवर नाव धाकटीचं पडलं, त्याबद्दल तेव्हा कोणाचीच तक्रार नव्हती.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. माझ्याकडं दुसरा मार्ग नव्हता म्हणून सांगितलं, हे इथं कबूल करते. कॉलच्या आदल्या क्षणापर्यंत मी मनात जुळवत होते की दहाही फोटो एकीचेच आहेत असं लिहून द्यावं; दोघी सडपातळ, दोघींच्या डोक्यावर पदर. पण बाईंनी फोटो मोठे करून ठेवले होते.

त्यांनी कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, तुमची अडचण मला कळते, पण दाखला एकाच व्यक्तीचा असू शकतो. दोघींपैकी एकीनं लिहून द्यावं, की या नोंदीवर माझा काही हक्क नाही आणि माझी माहिती काढून टाका. दोघींचं सगळं एकमेकींत इतकं मिसळलंय की अर्धवट काढता येणार नाही. जिनं लिहून दिलं तिचं नाव, फोटो, शेळीची नोंद, सगळं कायमचं जाईल. आणि कोणीच लिहून दिलं नाही तर महिनाअखेरीला वेबसाइट बंद होताना दोघींचं जाईल, दाखल्यासकट.

मला राग आला. राग आला की माझं इंग्रजी सुधारतं. मी म्हटलं, इथं दोन बायकांनी एका म्हातारीची सेवाही वाटून घेतली आणि शिक्षणही वाटून घेतलं, आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये वाटून घेतलेल्याला जागा नाही? बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "रकाना एकाच नावाचा आहे. तुम्हीच भरलाय." मी कॅमेरा बंद केला आणि नेट गेल्याचं नंतर कळवलं.

दुसऱ्या दिवशी जीपनं पुसेगावला उतरले आणि पुढं चालत गेले. चालताना सारखं वाटत होतं की उलट फिरावं. कारण त्या दोघींमध्ये दोन वर्षांपासून अबोला होता. सासू गेली, घराच्या मधोमध विटांची भिंत उठली, आणि अंगण तेवढं सामायिक राहिलं. मग कोणाच्या मोरीचं पाणी कोणाच्या शेळ्यांखाली जातं यावरून एक दिवस शब्दाला शब्द लागला, तो शेवटचा. त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलायच्या त्या तिसऱ्या माणसातर्फे. तिसरं माणूस नसलं तर शेळीतर्फे. "हल, सरक, लोकांना झाडू मारायचाय," असं शेळीला मोठ्यानं सांगितलं की जाऊ समजून जायची.

धाकटीला आधी भेटले. तिनं सगळं ऐकलं. तिचा चेहरा उतरला, पण बोलली ती ताठपणानंच.

"मी तिला इचारणार न्हाई. पाच दिवस तर तीच गेली व्हती. तिचं नाव निघून राहिलं तर बराबरच हाये. तिला म्हणा, घे तूच नोकरी."

"तिला कशी मिळेल? तिनं अर्जच केला नाही. आणि लिहिणं-वाचणं पाहिजे त्याला."

"मग दुसरी कोणी लागंल. मी तिच्या दारात जाणार न्हाई, ताई."

थोरलीचं दार तिथून दहा पावलांवर. ती उंबऱ्यात बसून सुपात तूर निवडत होती आणि आमचा शब्दन् शब्द तिच्या कानावर जात असणार, तरी मी गेल्यावर तिनं नुकतीच बघितल्यासारखं केलं. पाणी दिलं. मी आवाज खाली आणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तेवढ्यात धाकटी शेळ्या सोडून रानाकडं निघून गेली. मला वाटतं मुद्दामच गेली, ऐकायला नको म्हणून.

थोरलीनं सूप बाजूला ठेवलं. "माझा फोटो बी हाये तिथं?"

मी टॅबवर तिचे पाच फोटो काढले. तिनं हात पदराला पुसले आणि टॅब गुडघ्यावर घेतला. एका फोटोत ती खुर्चीत बसून डाव्या हातात मोसंबी धरून उजव्या हातानं सुई टोचत होती, जीभ किंचित बाहेर, डोळे बारीक. बाकी सगळ्या बायका कॅमेऱ्याकडं बघत होत्या, ती एकटी मोसंबीकडं. हे फोटो तिनं कधी पाहिलेच नव्हते. सहा वर्षं ते कुठल्या कुठं लोकांना दिसत होते आणि तिला दाखवायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. कोणाच्या म्हणजे माझ्या.

"हे बी जाईल का?" तिनं त्या मोसंबीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"जाईल."

"अन तिचे पाच?"

"राहतील."

"माझी शेळी लिवली व्हती तुमी, ती?"

"तीही जाईल. तुमच्या नावाचं काहीच राहणार नाही तिथं."

मी घाईघाईनं म्हटलं की मी या फोटोची एक प्रत काढून आणून देते, तेवढं तर नियमात बसतं. ती थोडा विचार करून म्हणाली, "नगं. घरात दिसला की ती कोणाला बी इचारंल, हा आत्ता कुठून आला. मग समदं निघंल." मग तिनं विचारलं, "सही कुठं करू?"

सही करायला तिला वेळ लागला. एकेक अक्षर ती मांडून ठेवल्यासारखी लिहीत होती. संमतीपत्रावर फोन नंबर लिहायचा होता. तिच्याकडं आता साधा बटणाचा फोन होता. या वेळी मी तिचाच नंबर विचारला, तिनं सांगितला तसा लिहिला आणि दोनदा वाचून दाखवला.

"तिला काही सांगू नका," ती म्हणाली.

"का?"

"कळलं तर ती घेणार न्हाई. मला ठाव हाये तिचा सभाव. सांगा की तिकडूनच नीट झालं."

मी तसं सांगितलं. धाकटीला संध्याकाळी फोन केला, म्हटलं तिकडची चूक होती, त्यांनी सुधारली. खोटं बोलण्याचा मला सराव आहे. इतकी वर्षं फॉर्म भरलेत. पण हे खोटं बोलून मी घाईनं फोन ठेवला, कारण ते माझ्या सोयीसाठी नव्हतं आणि त्याची किंमत दुसरीनं मोजली होती. चार दिवसांत नोंद सुटी झाली. सेनगावच्या ऑफिसात कोड तपासला तेव्हा धाकटीचं नाव आलं. महिनाअखेरीला वेबसाइट बंद झाली, जपायचं ते जपलेल्या जागी गेलं. शेवटच्या बुधवारी बाईंनी माझे मनापासून आभार मानले आणि मीही त्यांचे मानले. त्या वाईट नव्हत्या. त्यांना एका माणसाची एक नोंद हवी होती, आणि मी त्यांना बायका पाठवल्या होत्या ढिगानं.

मे महिन्यात धाकटीचा फोन आला. पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची, म्हणजे शेळ्यांच्या आतड्यांच्या रोगाची, लस टोचायची होती, नेमणूक झाल्यावरचं तिचं पहिलंच काम. "या बघायला," ती म्हणाली. ऊन मी म्हणत होतं, तरी गेले. अंगणात लिंबाखाली तिनं पेटी मांडली होती. खांद्याला नवी पिशवी, पिशवीवर नाव, आणि ते झाकलं जाऊ नये म्हणून पदर दुसरीकडं खोचलेला. शेळ्या धरायला घरातली पुरुषमाणसं नव्हती, म्हणून मला उभं केलं. शेळी दोन गुडघ्यांत दाबून तिचे कान धरायचे, एवढंच काम, पण माझा घाम निघाला.

आधी धाकटीच्या स्वतःच्या शेळ्या झाल्या. मग थोरलीनं आपल्या चार शेळ्या आणून रांगेनं बांधल्या. जावेकडं न बघता मला म्हणाली, "त्यांना सांगा, ही कोपऱ्यातली गाभण हाये." मी सांगायच्या आत धाकटीनं मान हलवली. पहिली शेळी मी गुडघ्यांत घेतली. धाकटी औषध सुईत ओढत होती, तेवढ्यात थोरलीच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला, मेसेजचा. तिनं तो काढला, डोळ्यांजवळ नेला, दूर नेला आणि माझ्यापुढं धरला. माझे दोन्ही हात शेळीचे कान धरण्यात अडकलेले, चष्मा घामानं नाकावरून घसरलेला. घर एक होतं तेव्हा आलेला कागद धाकटीच वाचायची. तिनं सवयीनं वाकून फोनकडं पाहिलं आणि मोठ्यानं वाचायला लागली.

"तुमच्या विनंतीनुसार तुमचे नाव, छायाचित्रे व सर्व माहिती कायमची काढून टाकण्यात आली आहे. आता आमच्याकडे तुमची कोणतीही नोंद नाही."

ते वाक्य मीच मराठीत करून दिलं होतं. बाईंनी मागितलं होतं, सगळ्यांना पाठवायला, आणि मी ते अगदी शुद्ध भाषेत करून दिलं होतं. पुसायला आणखी तीस दिवस लागतात आणि मग असा मेसेज जातो, हेही मला माहीत होतं. नेमका तेव्हा येईल, असं मात्र मनात नव्हतं.

धाकटी हुशार आहे. तिनं ते मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं असणार, कारण तिचे ओठ हलले. मग माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुमी म्हणले व्हते तिकडूनच नीट झालं."

 मी शेळीकडं बघत राहिले.

ती जावेकडं वळली. दोन वर्षांत पहिल्यांदा, मधे कोणालाही न घेता. "अक्का, काहून केलं असं?"

थोरलीनं फोन पुन्हा पिशवीत टाकला, पिशवीची नाडी ओढली. "शिकायला दोघींत जमलं," ती म्हणाली, "नोकरी कशी अर्धीअर्धी करावी?"

 धाकटी भरलेली सुई हातात धरून उभी होती. मला वाटलं ती रडेल, किंवा पिशवी उतरवून ठेवेल, आणि दोन्हींची मला भीती वाटली. तिनं सुई जावेपुढं केली.

"ही तुमी टोचा."

थोरलीनं आधी हात धुतले. बाटलीतल्या पाण्यानं, साबण लावून, बोटांच्या मधून, जसं शिकवलं होतं तसं. मग सुई घेतली, उजेडात धरून हवा काढली, शेळीच्या मानेवरची कातडी चिमटीत वर उचलली आणि तिच्याखाली सुई तिरपी सरकवली. शेळीला कळलंसुद्धा नाही. मी तिचे कान घट्ट धरून ठेवले होते.